केनियाचा समुद्र, व्हॉलंटिअरच्या बजेटमध्ये : मोम्बासा, डियानी, गाझी, वासिनी

द्राक्षवेल :

मागच्या धाग्यावर दोघातिघांनी विचारलं होतं की किसुमूच्या बाजूला व्हॉलंटिअरिंग करताना सुट्टीत काय करता, नुसतं व्हिक्टोरिया सरोवर बघत बसता का. तर नाही. ऑगस्टमध्ये इथल्या शाळांना सुट्टी लागते, आमच्या पुनर्वसन केंद्रातली बरीचशी मुलं घरी जातात, मग फिजिओला काय काम राहणार. मी आणि सोबतची जर्मन मुलगी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, माझ्याहून लहान, चालायला माझ्या दुप्पट) बॅगा उचलून किनाऱ्याला गेलो. जरा सविस्तर लिहितेय कारण मराठीत केनिया म्हटलं की मसाई मारा, सिंह आणि "आम्हाला बिग फाइव्ह दिसले" एवढंच सापडतं, किनाऱ्यावर आपले लोक जातच नाहीत की जाऊन लिहीत नाहीत देव जाणे.

किसुमूहून रात्रीच्या बसने नैरोबी, तिथून दुपारची एसजीआर (स्टँडर्ड गेज रेल्वे) ट्रेन. ही चिनी कंपनीने बांधलेली नवी लाइन, २०१७ ला सुरू झाली. सेकंड क्लास १५०० शिलिंग, रुपयाला साधारण दीड शिलिंग धरा म्हणजे हजारेक रुपये झाले, आणि पाच-सहा तासांत मोम्बासा. स्टेशनवर सगळ्यांच्या बॅगा जमिनीवर रांगेत मांडायला लावतात आणि कुत्री हुंगत जातात त्यामुळे चांगलं तासभर आधी पोचा. त्सावोतून जाताना हत्ती दिसतात आणि ते खरंच लाल असतात, तिथली माती अंगावर उडवून घेतात ना. रूळ भरावावरून जातात, खालून जनावरांना जायला वाटा सोडल्यात. मधूनमधून बाजूला जुनी मीटरगेज लाइन दिसत राहते. ती १८९६ ते १९०१ मध्ये झाली, तिच्यासाठी हिंदुस्थानातून तीसएक हजार मजूर आणले होते, बहुतेक पंजाबकडचे, आणि त्यातले सुमारे अडीच हजार कामावरच मेले. त्सावोच्या सिंहांनी खाल्ले त्यांचीच गोष्ट सगळे सांगतात, बाकीचे बिचारे ताप नि हगवणीनेच गेले असणार.

मोम्बासा हे मुळात बेट आहे आणि तिथे ओल्ड टाउनमध्येच राहा. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, पंखा होता, एसी नव्हता, पहाटेच्या बांगेने जाग यायची. खाली गल्लीत सकाळी महाम्री आणि म्बाझी. महाम्री म्हणजे वेलची घातलेली फुगीर गोडसर तळलेली पुरी समजा, आणि म्बाझी म्हणजे चक्क आपली तूर, अख्खी, नारळाच्या दुधात शिजवलेली. वर चहा. शाकाहारी माणसाला मोम्बासात काही म्हणजे काही त्रास नाही. संध्याकाळी व्हिआझी कराई, बेसनात बुडवून तळलेला बटाटा, चिंचेच्या पाण्यासोबत, ते खाऊन मी जर्मन मुलीला अर्धा तास बटाटावड्याबद्दल ऐकवलं, तिने सहन केलं.

फोर्ट जीझस बघाच. पोर्तुगीजांनी १५९३ ला बांधायला घेतला, आराखडा मिलानच्या जोव्हान्नी बातिस्ता कैरातीचा, जो गोव्याहून पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या किल्ल्यांचं काम बघायचा. पण मला थांबवलं ते आतल्या म्युझियमने. किल्ल्यासमोरच १६९७ ला बुडालेल्या एका पोर्तुगीज लढाऊ जहाजातल्या वस्तू तिथे मांडल्यात, आणि ते जहाज बांधलं होतं कुठे, तर वसईला, १६८१ मध्ये. नाव सांतो आंतोनियो द ताना. ताना म्हणजे आपलं ठाणं! ओमानच्या अरबांनी किल्ल्याला वेढा घातला होता, जवळपास पावणेतीन वर्षं, तेव्हा गोव्याहून मदत घेऊन हे आलं आणि इथेच गेलं. म्हणजे वसईच्या सुतारांनी तासलेलं लाकूड मोम्बासाच्या तळाशी. काचेपलीकडे बघत मी बराच वेळ उभी होते, सोबतचीला वाटलं मला बरं नाहीये.

मग दक्षिणेला डियानी. बेटावरून पलीकडे जायला लिकोनी फेरी, पायी जाणाऱ्याला फुकट. हजारो माणसं एकदम ढकलली जातात, सायकली, हातगाड्या, कोंबड्या, दादर स्टेशनवर वाढलेल्या माणसाला काही वाटत नाही पण युरोपियन लोक घाबरतात. पलीकडून उकुंडाची मटाटू (खाजगी मिनीबस), शंभर-दीडशे शिलिंग, तिथून टुकटुकने (आपली रिक्षाच) बीच. टॅक्सी असेल तर आता डोंगो कुंडू बायपास झालाय, फेरी टाळून जाता येतं.

डियानी फोटोत दिसतं तसंच आहे. वाळू पिठासारखी, पांढरी, आणि भर दुपारीसुद्धा पाय भाजत नाहीत कारण ती प्रवाळाचा चुरा आहे. पण फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे ओहोटी. किनाऱ्याला समांतर रीफ (प्रवाळाची भिंत) आहे, ओहोटीला पाणी जवळजवळ तिथपर्यंत मागे जातं, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तर साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो. पोहायला आलेला माणूस गुडघाभर पाण्यात उभा. अशा वेळी चालत आत जायचं, डबक्यांमध्ये स्टारफिश, खेकडे, ऑक्टोपस शोधणाऱ्या बाया, पण पायात रबरी बूट पाहिजेतच, सी अर्चिनचे (गोल काटेरी समुद्री प्राणी) काटे रुततात आणि तुटून आतच राहतात. भरतीचं वेळापत्रक मोबाईलमध्ये ठेवा आणि दिवस त्याप्रमाणे आखा. हॉटेलवाले सांगत नाहीत, त्यांना वाटतं तुम्ही स्विमिंग पूलमध्येच बसणार.

आता बीच बॉइज. हॉटेलच्या कंपाउंडपासून वाळूवर पाय ठेवला की हे येतात, किचेन, किकोय (कमरेला गुंडाळायचं सुती कापड), बोट, उंट, काय वाट्टेल ते. जर्मन मुलीच्या मागे पाच जण, माझ्याकडे बघून एक जण दुसऱ्याला म्हणतो मुहिंदी (म्हणजे भारतीय) आहे, सोड. इथले भारतीय पिढ्यान्‌पिढ्या दुकानदार, त्यांच्याशी घासाघीस करून फायदा नाही हे त्याला आजोबांपासून माहिती असणार. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग मी त्याच्याकडूनच अर्ध्या भावात किकोय घेतला.

खरं तर हेच मला लिहायचं होतं. केंद्रात गेले काही महिने मी "देणारी" आहे. येणारी प्रत्येक आई हात धरून आभार मानते, मी काहीही केलं नसलं तरी, नुसता पोराचा पाय वाकवून बघितला तरी. ते ऐकून ऐकून अवघडायला होतं, कोणी भांडत नाही, कोणी नाही म्हणत नाही. डियानीला मी नुसती गिऱ्हाईक होते. नारळवाल्याने मला फसवायचा प्रयत्न केला, मी भाव पाडला, त्याने शिवी हासडली असावी, दोघं हसलो, पैसे दिले, विषय संपला. इतकं हलकं वाटलं!

आणि गाझी. डियानीच्या दक्षिणेला गाझी नावाचं खाडीवरचं गाव आहे, तिथे मिकोको पामोजा म्हणून गावकऱ्यांचा प्रकल्प आहे, २०१३ पासून. ११७ हेक्टर कांदळवन राखतात, नवीन रोपं लावतात, त्या बदल्यात कार्बन क्रेडिट विकतात आणि पैसा गावाच्या पाण्याला, शाळेला जातो. बायकांनी खारफुटीतून लाकडी पूल बांधलाय, तिकीट काढून त्यावरून फिरायचं, पुढे त्याच बायका जेवण देतात. मी सवयीने विचारलं, तुम्हाला व्हॉलंटिअर लागतात का. ती बाई म्हणाली, नाही, तिकीट लागतं. माझी जर्मन मैत्रीण अजून हे वाक्य मला ऐकवते.

वासिनी बेट, कोलोबस माकडं वगैरे प्रतिसादात लिहीन, हात दुखायला लागला.

खवट_शेंगदाणा :

छान लिहिलंय पण एक प्रश्न, राग मानू नका. सेवेसाठी म्हणून गेलात ना? मग बीचवर सुट्टी, बोटी, हॉटेल, हे कोणाच्या पैशाने? लोक देणग्या देतात त्या यासाठी का?

द्राक्षवेल :

राग नाही. माझ्यासाठी कोणी देणगी दिलेली नाहीये, तीन वर्षं नाशिकच्या हॉस्पिटलात नोकरी करून साठवलेत ते खर्च करतेय. केंद्रात खोली आणि दुपारचं जेवण मिळतं, बाकी विमान, विमा, परवाना सगळं माझं. आणि हो, सुट्टी घेतली. तिथली केनियन फिजिओसुद्धा सुट्टीत माहेरी गेली, तिला कोणी नाही विचारलं.

मालवणचो_झील :

सेवा करणाऱ्याने समुद्रात पाय बुडवू नये असा नियम कधी निघाला हो शेंगदाणा.

द्राक्षवेलताई, भरतीचं वाचून बरं वाटलं. बाहेरचे लोक बीच बघतात, पाणी बघत नाहीत. आमच्याकडे उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) शेंबड्या पोरालाही कळतं. तिथल्या होड्या कशा आहेत? फोटोत दोन्ही बाजूंना लाकडं बांधलेली दिसली, आमच्याकडे उलांडी एकाच बाजूला असते.

द्राक्षवेल :

हो दादा, तीच. न्गालावा म्हणतात, मधे कोरलेलं खोड आणि दोन्ही बाजूला फळ्या, वर तिरकं शीड. वाऱ्यावर काय पळते! त्या होडीवाल्याला मी तुमच्याच सारखं एका बाजूच्या होडीचं चित्र वाळूत काढून दाखवलं, त्याने मान हलवली आणि म्हणाला उलटत नाही का. त्याला काय उत्तर देऊ?

मालवणचो_झील :

त्याला सांगा लाट बघून बसायचं, उलांडी वाऱ्याच्या कुठल्या बाजूला ठेवायची ते कळायला पाहिजे. उलटते कधीतरी. तेव्हा पोहायचं.

नैरोबीचा_पाहुणा :

मी इथे बरीच वर्षं आहे, थोडं कडू लिहितो. द्राक्षवेल यांच्याबद्दल नाही, एकूण. केनियात फिजिओथेरपी शिकलेली पोरं नोकरी नाही म्हणून फिरतायत आणि संस्था फुकटची परदेशी माणसं आणतात, हा प्रश्न आहेच. त्याहून वाईट म्हणजे किनाऱ्यावरचे अनाथाश्रम. सकाळी बीच, दुपारी "मुलांसोबत दोन तास", फोटो, बिस्किटं, परत हॉटेल. यातल्या कित्येक मुलांचे आईबाप जिवंत असतात, गरिबीमुळे ठेवलेली असतात, आणि पर्यटक येतात म्हणून आश्रम चालतो. सरकारने २०१७ ला नवीन आश्रमांची नोंदणी थांबवली ती उगाच नाही. हॉटेलवाला किंवा टुकटुकवाला म्हणाला की चला आश्रम दाखवतो तर सरळ नाही म्हणा.

दुसरं, ईटीएवर (पर्यटकांना ऑनलाइन मिळणारी प्रवेश-परवानगी) येऊन व्हॉलंटिअरिंग करता येत नाही, पगार असो वा नसो. त्याला वेगळा परवाना लागतो आणि तो संस्थेने काढून द्यायचा असतो. "पुढचं पुढे बघू" म्हणणारी संस्था असेल तर तिथे जाऊच नका.

द्राक्षवेल :

पूर्ण सहमत. डियानीत आम्हालाही विचारलं होतं, अगदी डॉल्फिन ट्रिप विकतात त्याच सुरात. नोकरीबद्दल, आमच्याकडे दोन केनियन फिजिओ आहेत आणि माझं काम मुख्यतः आयांना घरी करायचे व्यायाम बसवून देणं आणि जुन्या व्हीलचेअर मुलांच्या मापाच्या करणं, कोणाची जागा घेतली नाहीये असं मला वाटतं, पण तुमचा मुद्दा मनात राहतो. मी गेल्यावर दुसरी व्हॉलंटिअर न आणता त्या पैशात तिसरी केनियन फिजिओ घ्या असं मी लेखी दिलंय. ऐकतील का ते बघू.

खवट_शेंगदाणा :

हे आवडलं. आधीचा प्रश्न मागे घेत नाही पण उत्तर पोचलं.

ठाण्याचा_तलाव :

सांतो आंतोनियो द ताना!!! पन्नास वर्षं ठाण्यात राहतोय, कोणी सांगितलं नव्हतं. शोधून वाचलं, १९७७ ते ८० मध्ये पाणबुड्यांनी ते उकरलं म्हणे. आणि जहाज बुडालं त्यानंतर पुढच्याच वर्षी किल्ला पडला, आणि वसई आपण घेतली १७३९ ला, म्हणजे पोर्तुगीजांचं इकडे नि तिकडे दोन्हीकडे उताराला लागलेलं होतं. वसईच्या किल्ल्यात हे सांगणारी एक पाटी लावायला काय हरकत आहे?

पेडण्याचा_पाव :

किनाऱ्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या गोंयकारांचं पण येऊ दे. पियो गामा पिंटो. जन्म नैरोबीचा, शिक्षण भारतात, गोव्याच्या मुक्तीसाठीही झटला, मग केनियात जाऊन ब्रिटिशांविरुद्ध उभा राहिला. माऊ माऊच्या (ब्रिटिशांविरुद्धच्या बंडाच्या) काळात ब्रिटिशांनी त्याला पकडून उत्तर किनाऱ्यावरच्या लामू बेटाच्या बाजूच्या मांडा बेटावर कैदेत ठेवलं होतं, काही वर्षं. स्वातंत्र्यानंतर खासदार झाला आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये नैरोबीत घराच्या फाटकाशी गोळ्या घातल्या. आज त्याच मांडा बेटावर विमानतळ आहे आणि लामूला जाणारे टुरिस्ट तिथेच उतरतात, सेल्फी काढतात. लामूला गेला होता का?

द्राक्षवेल :

नाही ना, बजेट संपलं. पाव, हे माहिती नव्हतं, थँक्यू, आता लामूला जायला नीट कारण मिळालं.

नैरोबीचा_पाहुणा :

लामू शहर आणि शेला बीच सुंदर आहेत, गाड्या जवळपास नाहीतच, गाढवं आणि होड्या. पण रस्त्याने जाऊ नका, सोमालियाच्या सीमेकडचा भाग आहे, २०१४ ला म्पेकेटोनीत मोठा हल्ला झाला होता आणि त्या पट्ट्यात अजून अधूनमधून होतं. विमानाने मांडा, तिथून होडी, तेवढंच. जायच्या आधी ताजी सूचना बघा.

चष्मिस_मैना :

मी डिसेंबरमध्ये नकुरूला दोन महिन्यांसाठी जातेय (शाळेत गणित शिकवायला, परवाना संस्था काढतेय, पाहुणेकाका घाबरू नका). शेवटी समुद्र बघायचाय. डिसेंबर की फेब्रुवारी? आणि एकटी मुलगी म्हणून कसं? पिवळ्या तापाची लस घ्यावीच लागते का?

द्राक्षवेल :

फेब्रुवारी, डोळे झाकून. नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत ईशान्येचा वारा, समुद्र शांत, पाणी नितळ. ख्रिसमसला मात्र अख्खं नैरोबी किनाऱ्यावर उतरतं आणि भाव दुप्पट. एप्रिल-मे पावसाचे, बरीच हॉटेलं बंदच. आम्ही गेलो तेव्हा दक्षिणेचा वारा होता, वाळूवर शेवाळाचे ढीग, बोट चांगलीच उडत होती, पण त्याच दिवसांत व्हेल येतात. डियानीच्या दक्षिणेला शिमोनी गाव आहे, तिथून किसिटे मरीन पार्कला (राखीव समुद्र) जाताना आम्हाला लांबून एक पाठ दिसली, फवारा दिसला, बोटीतली सगळी माणसं एकदम एका बाजूला गेली आणि नावाडी ओरडला.

स्नॉर्कलिंगनंतर बोटी वासिनी बेटावर जेवायला थांबतात, तिथेही बायकांच्या गटाने प्रवाळाच्या जुन्या खडकांमधून लाकडी वाट केलीये, सगळे जेवून झोपतात, तुम्ही तिकडे जा. आणि शिमोनीत परत आल्यावर गुहा बघा, जिथे गुलामांना विकायला नेण्याआधी कोंडत असं सांगतात. भिंतीत लोखंडी कड्या आहेत. त्याच गावातून सकाळी आपण डॉल्फिन बघायला निघालेलो असतो, हे जरा जड जातं.

एकटीसाठी: दिवसा बीचवर काही नाही, चिकटतात फक्त, ठाम नाही म्हणायचं आणि थांबायचं नाही. अंधार पडल्यावर वाळूवरून चालू नका, टुकटुक घ्या. विषुववृत्ताजवळ असल्याने साडेसहा-सातला फटकन अंधार होतो. गावात आणि ओल्ड टाउनमध्ये खांदे-गुडघे झाकलेले बरे, मुस्लिम वस्ती आहे, लोक बोलणार नाहीत पण बघतील.

गोळ्यांची_डबी :

लशीचं मी सांगतो, पेशाने फार्मासिस्ट. केनियाहून भारतात परतताना पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. नसेल तर परत आल्यावर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, निघायच्या महिनाभर आधी लागा. एकदा घेतली की जन्मभर चालते. नकुरू उंचावर आहे पण किनाऱ्यावर मलेरिया आहे, गोळ्या डॉक्टरला विचारून सुरू करा आणि परत आल्यावरसुद्धा सांगितलंय तेवढे दिवस पूर्ण करा, लोक बीचवरून आले की बंद करतात.

चष्मिस_मैना :

धन्यवाद दोघांनाही! अजून एकच, कॅश किती ठेवू?

द्राक्षवेल :

थोडीच. पासपोर्टवर सिम घे आणि एम-पेसा (मोबाईलवरून पैसे द्यायची सोय) चालू करून घे, नारळवाल्यापासून मटाटूपर्यंत सगळं त्यावर चालतं, फेब्रुवारीत हातात नोटांचा गठ्ठा घेऊन फिरायची गरज नाही. आणि प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नकोस, २०१७ पासून बंदी आहे, आईने लाडूच्या डब्याला गुंडाळलेली पिशवीसुद्धा मुंबईतच काढून ठेव.

ठाण्याचा_तलाव :

कोलोबस माकडं राहिली की.

द्राक्षवेल :

हो हो! डियानीच्या मुख्य रस्त्यावर झाडांमधून दोरीच्या शिड्या आडव्या टांगल्यात, माकडांना गाड्यांखाली न येता रस्ता ओलांडता यावा म्हणून. काळी, खांद्यांवर पांढरे लांब केस, अगदी कोर्टातले जज. व्हर्वेट माकडं वेगळी, ती चोर आहेत, आमचा एक आख्खा ब्रेड खोलीतून नेला. कोलोबस पानं खातात, तुमच्या ब्रेडकडे ढुंकून बघत नाहीत. शिड्यांवरून जाताना बघायचं असेल तर सकाळी सातच्या आत रस्त्यावर ये, नंतर मटाटूंचे हॉर्न सुरू होतात.